तो तारा फुटत नाही हो, त्याच्या अंगावर साचलेलं पेटतं (न्यूट्रॉन ताऱ्यांवरचे एक्स-रे भडके)

रात्रपाळी_कोथरूड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो. मागे एका पेपरात मथळा होता, ‘ताऱ्याचा महास्फोट’, आणि खाली लिहिलेलं की तारा नष्ट झाला. नीट वाचलं तर बातमी एक्स-रे बर्स्टची होती. म्हणजे तारा आहे तिथेच आहे, धडधाकट आहे, आणि काही तासांनी त्याने परत तेच केलं असणार. तेव्हापासून हे डोक्यात टोचतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला गाभा. वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट, आणि व्यास वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे हिंजवडी ते हडपसर सरळ रेषेत धरा, तेवढाच. याच्या अगदी जवळून एखादा साधा तारा फिरत असला तर हा त्याचा वायू ओढून घेतो. तो वायू धाडकन पडत नाही, आधी चकतीसारखा गोल गोल फिरत आत येतो, तापतो, एक्स-रे सोडतो आणि शेवटी ताऱ्याच्या पृष्ठभागावर साचत जातो. ही चमक सतत चालू असते. साचलेला थर काही मीटर जाड झाला, की तळाशी हीलियम पेटायची वेळ येते आणि मग सगळा थर एका दमात पेट घेतो. सेकंद-दोन सेकंदात उजेड टोकाला पोचतो (काहींना जास्त लागतात) आणि मग दहा सेकंदांपासून मिनिटभर हळूहळू निवतो. परत साचणं सुरू. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, पुढचा भडका.

त्या एवढ्याशा वेळात बाहेर पडणारी ऊर्जा आपल्या सूर्याला द्यायला तीनेक दिवस लागतात. आणि जळतं काय तर हिंजवडी-हडपसरएवढ्या गोळ्यावरची जेमतेम तीन मजली वाड्याइतक्या उंचीची साय!

आता मी हे का लिहितोय. ॲस्ट्रोसॅट या आपल्या अवकाश दुर्बिणीचा जुना डेटा इस्रोच्या आर्काइव्हवर सगळ्यांना खुला आहे, खातं काढायचं आणि उतरवून घ्यायचा. मी आयटीवाला, फिजिक्स बारावीनंतर सुटलं, पण पायथॉन येतं. तर रात्री जेवणं झाली की बसतो. लॅक्सपीसी नावाचं उपकरण आहे त्यावर, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेलं, झेनॉन वायू भरलेले मोठे डबे म्हणा, एक्स-रेचा एकेक कण आला की त्याची वेळ नोंदवतात. मी ४यू १७२८-३४ नावाच्या ताऱ्याची फाइल घेतली. आधी शंभर शंभर सेकंदांचे गठ्ठे करून ग्राफ काढला तर एक ठिपका वर गेलेला, बाकी सगळं सपाट. मला वाटलं डेटा खराब असेल. मग एकेक सेकंदाने काढला आणि अक्षरशः खुर्चीतून उठलो. चढ एकदम उभा आणि मग लांब उतार. आपला सह्याद्री दिसतो ना, कोकणातून बघितलं तर सरळ कडा आणि देशाकडे हळूहळू उतरत जाणारा, तस्सा. रात्री एक वाजता बायकोला उठवून दाखवला.

तर मुद्दा हा की याला मराठीत स्फोट म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. स्फोट म्हटलं की वस्तू संपली. भडका म्हणा. भडका उडतो, निवतो, चूल तिथेच असते.

शिरूरची_बाई

किती छान लिहिलंय दादा. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. एक शंका आहे, मुलं नक्की विचारतील म्हणून आधीच विचारून ठेवते. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेला तारा, इंधन संपलेला, असं आम्ही शिकवतो. मग जळतं काय?

रात्रपाळी_कोथरूड

बाई, जळतं ते शेजाऱ्याचं. त्याच्याकडून आलेला ताजा हायड्रोजन आणि हीलियम. ताऱ्याचं स्वतःचं इंधन संपलेलंच आहे.

काही ठिकाणी तर शेजारी म्हणजे श्वेतबटू (सूर्यासारखा तारा मेल्यावर उरलेला गाभा) असतो, हायड्रोजन जवळपास नाहीच, निव्वळ हीलियम. ४यू १८२०-३० तसा आहे. ती जोडी एकमेकांभोवती ११.४ मिनिटांत एक फेरी मारते! इथे आपण नळ स्टॉपच्या सिग्नलला तेवढा वेळ उभे असतो.

भौतिकवाली

धागा आवडला. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, माझं काम यातलं नाही पण एमएस्सीला यावर प्रोजेक्ट केला होता म्हणून जीव अडकलाय. एक गोष्ट राहिली ती भर घालते, कारण खरी गंमत तिथे आहे. सूर्यातही हायड्रोजन जळतोच की, मग तिथे भडका का नाही?

सूर्यात गाभा जरा जास्त तापला की फुगतो, फुगला की थंड होतो, जळणं मंदावतं. आपोआप ताळ्यावर येतो. न्यूट्रॉन ताऱ्यावरचा थर मात्र अतिशय पातळ. तो थोडा फुगला तरी त्याच्या डोक्यावरचं वजन तेवढंच राहतं, त्यामुळे दाब उतरत नाही आणि फुगण्याने थंड व्हायची वाट बंद. शिवाय गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळजवळ १० हजार कोटी पट, वायू इतका दाबलेला की त्याचा दाब तापमानावर फारसा अवलंबून राहतच नाही. आता तीन हीलियम मिळून एक कार्बन होतो त्या प्रक्रियेचा स्वभाव बघा. १० कोटी अंशांच्या आसपास तापमान फक्त १० टक्क्यांनी वाढलं तर तिचा वेग चाळीसेक पट होतो. आणि तेवढ्याच वाढीने उष्णता बाहेर टाकण्याचा वेग वाढतो दीडपट. म्हणजे आवक चाळीसपट आणि जावक दीडपट. दुसरं काय होणार.

आणि हे गणित आधी झालं होतं बरं का. हॅन्सन आणि व्हॅन हॉर्न यांनी १९७५ सालीच दाखवलं होतं की न्यूट्रॉन ताऱ्यावर साचलेलं असं जळण स्थिर राहू शकत नाही. भडके त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सच्या एएनएस सॅटेलाइटला दिसले, ग्रिंडले, हाइझे आणि त्यांचे सहकारी, तारा तोच, वर सांगितलेला ४यू १८२०-३०. साधारण त्याच सुमाराला अमेरिकेच्या वेला सॅटेलाइटच्या लोकांनाही स्वतंत्रपणे सापडले. वेला सोडले होते कशासाठी, तर कुणी चोरून अणुचाचणी करतंय का त्यावर नजर ठेवायला. आणि त्यांना दिसली ही, हजारो प्रकाशवर्षांवरची.

शंकेखोर_पर्वती

चांगलं चाललंय पण मला हे पटवून द्या. पदार्थ पडतोय, पडताना तापतोय, एक्स-रे येतायत, हे सगळं मान्य. मग एखाद्या वेळी जास्त पदार्थ एकदम पडला तर तेवढ्यापुरता उजेड वाढेल की. अणुइंधन पेटलं हे कशावरून? तिथे जाऊन कुणी बघितलंय का. वादासाठी वाद घालत नाहीये, खरंच प्रश्न आहे.

भौतिकवाली

हा प्रश्न सत्तरच्या दशकात लोकांनी खरोखर विचारलाय, त्यामुळे अजिबात संकोच करू नका.

हिशोब असा. एक प्रोटॉन न्यूट्रॉन ताऱ्यावर पडला की नुसत्या पडण्याने साधारण २०० एमईव्ही (अणूंच्या हिशोबातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा सुटते. तोच पुढे जळून हीलियम झाला तर सात एमईव्हीच्या आतबाहेर. आणि हीलियम पुढे लोखंडापर्यंत जळत गेला तर प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीड-पावणेदोन. म्हणजे दोन भडक्यांच्या मधल्या काळात जेवढी ऊर्जा सतत येत राहते, ती त्या भडक्याच्या ऊर्जेच्या तीस-चाळीसपट ते शंभरावर पट भरायला हवी. मोजलं तर तेवढीच भरते! हायड्रोजन जास्त असला तर चाळीसच्या जवळ, निव्वळ हीलियमवाल्यांत शंभराच्या पुढे. पदार्थाचा लोंढा कमी-जास्त होऊन हा आकडा असा बरोबर जुळायचं काही कारण नाही.

म्हणजे खरं तर जळण्याची ऊर्जा पडण्याच्या ऊर्जेपुढे किरकोळ आहे. ती दिसते एवढ्याचसाठी की तासन्‌तास साठवलेली सगळी काही सेकंदांत बाहेर येते. पडल्या पडल्या हळूहळू जळत राहिलं असतं तर आपल्याला पत्ताही लागला नसता.

रात्रपाळी_कोथरूड

@शंकेखोर_पर्वती, ताईंनी हिशोब दिलाय, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. त्याच भडक्याचे मी दोन ग्राफ काढले, एक कमी ऊर्जेच्या एक्स-रेचा आणि एक जास्त ऊर्जेच्या. जास्त ऊर्जेवाला लवकर खाली येतो, कमी ऊर्जेवाला मागे रेंगाळतो. तापलेला तवा गॅसवरून उतरवला की निवत जातो तसं हे. सुरुवातीला तापमान दोन-अडीच कोटी अंश आणि मग उतरत जाणारं. नुसता लोंढा येऊन गेला असता तर असं पद्धतशीर निवताना दिसलं नसतं.

शंकेखोर_पर्वती

हं. निवणं आणि गुणोत्तर दोन्ही एकत्र आलं तर मानायला हवं. पण मग लोंढ्याने होणारे भडके असतच नाहीत का?

भौतिकवाली

असतात! आणि तुमच्यासाठी निसर्गाने दोन्ही एकाच ठिकाणी ठेवलेत. रॅपिड बर्स्टर नावाचा तारा आहे, १९७६ मध्ये एसएएस-३ सॅटेलाइटवर ल्युइन यांच्या चमूला सापडला. तो कधी कधी काही सेकंदांच्या अंतराने पटापट चमकतो. एवढ्या वेळात इंधन साचणं शक्यच नाही. त्या चमकांत निवणंही दिसत नाही, आणि मोठी चमक आली की पुढची यायला जास्त वेळ, छोटी आली की कमी वेळ. म्हणजे कुठेतरी पदार्थ अडतोय आणि बांध फुटल्यासारखा सुटतोय. त्याच ताऱ्यावर अधूनमधून आपले नेहमीचे निवणारे भडकेही दिसले. हॉफमन, मार्शल आणि ल्युइन यांनी १९७८ मध्ये दोन्ही वेगळे करून दाखवले, निवणारे ते टाइप वन आणि लोंढ्यावाले ते टाइप टू. या धाग्यातले सगळे टाइप वन.

शंकेखोर_पर्वती

आता पटलं. धन्यवाद ताई. हे असं कुणी आधी सांगितलं नव्हतं.

नवीन_सदस्य_वाकड

याचा पृथ्वीला काही धोका वगैरे?

रात्रपाळी_कोथरूड

काही नाही. हे तारे हजारो प्रकाशवर्षं लांब आणि एक्स-रे आपल्या वातावरणातून खाली येतच नाहीत. म्हणून तर सॅटेलाइट सोडावे लागतात. निश्चिंत झोपा.

पेटीवाला

मी इथे नेहमी संगीताच्या धाग्यांवर असतो, चुकून आलो आणि सगळं वाचून काढलं. ४यू १७२८-३४ बद्दल अजून वाचलं तर ३६३ हर्ट्झ असा आकडा आला. हा कसला? कारण पेटीवर काळी तीन साधारण ३७० ला लागते, म्हणजे हा काळी तीनच्या किंचित खालचा सूर झाला की.

रात्रपाळी_कोथरूड

वा पेटीवाले, हे मला कधी सुचलंच नव्हतं!

तो आकडा म्हणजे तो तारा सेकंदाला ३६३ वेळा स्वतःभोवती फिरतो. भडका सगळीकडे एकदम पेटत नाही, एका जागी ठिणगी पडते आणि तिथून पसरतो, त्यामुळे काही वेळ एक भाग जास्त तापलेला असतो. तो भाग फिरता फिरता समोर आला की उजेड थोडा वाढतो, मागे गेला की कमी. १९९६ मध्ये आरएक्सटीई सॅटेलाइटच्या डेटात स्ट्रोमायर आणि मंडळींना हे पहिल्यांदा दिसलं, याच ताऱ्यात. आणि आपल्या ॲस्ट्रोसॅटच्या लॅक्सपीसीलाही हाच ३६३ सापडला, त्याचा पेपर २०१७ चा आहे. मी स्वतः काढायचा प्रयत्न केला, चार रात्री गेल्या, अजून नीट जमलेलं नाही, पण सोडणार नाही.

घरातला मिक्सर रिकामा फुल स्पीडला फिरतो ना, त्याचे मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे असतात. याचे एकवीस हजार सातशेऐंशी. म्हणजे मिक्सरच्या पात्यापेक्षाही जोरात, आणि फिरतंय काय, तर हिंजवडी ते हडपसर.

भौतिकवाली

पेटीवाल्यांसाठी अजून एक. तो सूर स्थिर नसतो. भडका निवत जातो तसा एक-दोन हर्ट्झने वर सरकतो आणि मग ठरतो.

पेटीवाला

म्हणजे मींड घेऊन सुरावर येतो. आज रात्री झोप नाही.

शिरूरची_बाई

मिक्सरचं उदाहरण मी वर्गात वापरणार, चालेल ना? आणि अजून एक, प्रत्येक न्यूट्रॉन ताऱ्यावर हे होतं का? आणि कृष्णविवरावर?

भौतिकवाली

बाई, कृष्णविवरावर होत नाही, कारण साचायला पृष्ठभागच नाही. म्हणून टाइप वन भडका हे ओळखपत्रच झालंय. आकाशात एखादी एक्स-रे जोडी सापडली आणि आत न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर असा वाद असला, की असा एक भडका दिसला की वाद संपला.

आणि न्यूट्रॉन तारेही सगळे नाही. ज्यांचं चुंबकत्व फार जबरदस्त असतं त्यांच्यावर पदार्थ ध्रुवांवरच ओतला जातो, तिथे इतका दाटतो की जळत राहतो, साठत नाही. पदार्थ येण्याचा वेग खूप वाढला तरी तेच. टर्झान ५ या तारकागुच्छात २०१० मध्ये एक तारा उजळला होता, सेकंदाला ११ फेरे घेणारा. त्याच्यावर पदार्थ जसजसा वाढत गेला तसतसे भडके जवळजवळ यायला लागले आणि लहान होत गेले, शेवटी एकमेकांत मिसळून नुसती मंद लाट उरली. मग पदार्थ कमी झाला तसे परत सुटे झाले. उलट्या बाजूने घड्याळासारखा तारा बघायचा तर जीएस १८२६-२४. त्याचे भडके इतके नेमाने यायचे, साधारण साडेतीन ते पावणेसहा तासांनी, की पुढचा कधी ते आधी सांगता यायचं. गणितवाल्यांची मॉडेलं त्याच्यावरच तपासली जातात.

रात्रपाळी_कोथरूड

यात एक अडचण आहे जी फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटरवरून फिरतो, एक फेरी शंभरेक मिनिटांची. त्यातला बराच वेळ पृथ्वीच मध्ये येते आणि शिवाय दक्षिण अटलांटिकवरून जाताना डिटेक्टर नीट चालवता येत नाहीत. म्हणजे ग्राफला सारख्या खिडक्या आणि सारख्या भिंती. एक भडका दिसला आणि दुसरा दहा तासांनी दिसला तर मधे एक भिंतीआड होऊन गेला की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही. मी सुरुवातीला हे विसरून अंतरं मोजत बसलो होतो, सगळी चुकली.

सदाशिव_पेठ_७४

मुलांनो, मी वयाने या धाग्यातला सगळ्यात मोठा असेन. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयुकाच्या विज्ञान दिनाला नातवाला घेऊन जायचो. नारळीकर सर मुलांना स्वाक्षरी देण्याऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत, उत्तरावर सही मिळेल म्हणत. नातवाने पाठवायचं राहिलं ते राहिलंच, आता सरही नाहीत. तेव्हा माझा प्रश्न इथे विचारतो.

आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. रोज सकाळी पेटवायचा, पण त्याआधी कालची राख खालून ओढून काढावी लागायची. ते काम माझ्याकडे. एखाद्या दिवशी कंटाळा केला तर बंब पेटायचा नाही आणि आई ओरडायची. तुम्ही म्हणता दर काही तासांनी हा थर जळतो. मग त्याची राख कोण काढतं?

भौतिकवाली

काका, काय प्रश्न विचारलात! यावर लोकांनी पीएचड्या केल्यात.

राख कुणीच काढत नाही. गुरुत्वाकर्षण इतकं की बाहेर फेकली जाणं जवळपास अशक्य, फार जोराच्या भडक्यात वरचा पातळ थर वारा होऊन गेला तर गेला. बाकी सगळं तिथेच. त्यावर नवा वायू साचतो, तो जळतो, त्याची राख, परत नवा थर. जुनी राख खाली खाली दाबली जाते. आणि ही राख साधी नसते. हायड्रोजन भरपूर असला तर भडक्यात अणुगर्भ एकामागून एक प्रोटॉन गिळत जातात, लोखंडाच्या पुढे, कथिल, अँटिमनी, टेल्युरियमपर्यंत. त्यापुढे गाडी जात नाही, तिथे चक्र होऊन परत फिरते, हे शात्झ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं.

रात्रपाळी_कोथरूड

आणि काका, बंबाची राख विझलेली असते, इथली पूर्ण विझलेली नसते. तिच्यात थोडा कार्बन उरतो. तो भडक्याच्या थराच्या बराच खाली दाबत दाबत गेला की एक दिवस तोही पेटतो. त्याला सुपरबर्स्ट म्हणतात, ४यू १७३५-४४ वर सापडलेला पहिला २००० साली जाहीर झाला. साधा भडका काही सेकंदांचा, हा कित्येक तासांचा, ऊर्जा हजारपट. साठायला वर्षाच्या हिशोबात वेळ लागतो म्हणून फार थोडे दिसलेत.

सदाशिव_पेठ_७४

म्हणजे राख साठवून ठेवली तर तीच पेटते. आणि त्यानंतर जी उरते ती?

भौतिकवाली

ती अजून खाली जाते काका, घट्ट होत होत शेवटी ताऱ्याच्या कवचात मिसळते. पुरेशी वर्षं हे चालू राहिलं की मूळचं कवच पार आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी सगळं या राखेचंच बनलेलं असतं.